तांत्रिक विभागातली नोकरी घ्यावी का?

प्रश्न : मुलीनं बी.ए.नंतर बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) केलं. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तिला ११ महिन्यांच्या कंत्राटावर घेताहेत, तेही देवघेव विभागात नाही, तांत्रिक विभागात. दिवसभर पुस्तकांच्या नोंदी करायच्या. हे काम आता संगणक आपोआप करतो ना? – एक पालक

उत्तर : इंग्रजी पुस्तकांपुरतं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला की लायब्ररी ऑफ काँग्रेसची तयार नोंद उतरवून घेता येते. तरी नजर हवीच. शीर्षक 'द'ने (The) सुरू होत असेल तर मार्क २१ या नोंदींच्या ठरावीक साच्यात २४५ क्रमांकाच्या, म्हणजे शीर्षकाच्या, रकान्यात दुसरा निर्देशक (यादी लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची ते सांगणारा अंक) ४ लागतो : इंग्रजीतली तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा. तिथं ० राहिला की शीर्षकवार यादीत ती सगळी पुस्तकं 'टी'खाली गोळा होतात.

मराठी पुस्तक आलं की गाडी अडते. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतो आणि बाहेरून मिळालेली नोंद बहुधा रोमन लिपीत असते. देवनागरीत शोधणाऱ्याला ती दिसतच नाही. मग नोंद हातानं करायची. कविता कुसुमाग्रज या नावानं आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावानं, तर नियमाप्रमाणे दोन्ही नावं वेगळी ठेवून 'हेही पाहा' अशी जोड द्यावी लागते. टंकलेखनाची गंमत वेगळीच. 'ॲ' कुणी थेट टाकतं, कुणी 'अ'वर चंद्र देतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं. ॲरिस्टॉटलवरची अर्धी पुस्तकं शोधात न येण्यामागं एवढंच कारण असू शकतं.

म्हणून नोकरी घेऊ द्या, पण मुलीनं नोंदी करण्याबरोबर कामाचं मोजमापही शिकावं. नोंदी भरणारे पुष्कळ मिळतात, त्या तपासू शकणारे कमी.

सुरुवात सोपी आहे. महिन्याच्या नोंदींतून कोणत्याही ५० काढायच्या आणि पुस्तक हातात घेऊन शीर्षक, लेखक, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक), दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात दाखल होताना मिळणारा), बारकोड ताडून पाहायचे. किती चुकलं याहून काय चुकलं ते लिहिणं महत्त्वाचं. पुढं कपाटातली २५ पुस्तकं ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय यादीत, शोधायची आणि ओपॅकमध्ये 'उपलब्ध' दिसणारी २५ कपाटात. पहिल्या फेरीत नोंदीतले दोष सापडतात, दुसरीत हरवलेली, चुकीच्या जागी लावलेली पुस्तकं.

पुस्तक आल्यापासून कपाटात जाईपर्यंतचे दिवसही मोजावेत, पण टप्प्याटप्प्यानं : दाखल, वर्गीकरण, नोंद, लेबल. उशीर झाला की बोट तालिकाकाराकडे, म्हणजे नोंदी करणाऱ्याकडे, जातं. तारखा मांडल्या की कधी कधी दिसतं, गठ्ठा बिलाच्या मंजुरीसाठी किंवा बारकोडच्या कागदासाठी पडून होता. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) घ्यावा, नाहीतर चार महिने अडकलेलं एकच पुस्तक सगळा हिशेब बिघडवतं. 'दिवसाला किती नोंदी' एवढंच मोजणाऱ्या ठिकाणी मात्र सावध राहावं. तिथं सगळ्यात आधी ६५०चा विषयाचा रकाना रिकामा राहू लागतो, कारण डोकं आणि वेळ त्यालाच लागतो.

सोबत एम.लिब. करू द्या. त्यात ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असेल, तर सहायक ग्रंथपाल किंवा महाविद्यालयीन ग्रंथपाल पदासाठी अर्ज करता येतो. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. जागा मोजक्या असतात, हे धरूनच चाला.

होकार देण्याआधी तिनं तीन गोष्टी विचाराव्यात. प्रणाली कोणती? तिला तालिकीकरणाच्या भागात स्वतःचं लॉगिन मिळेल का? आणि तिच्या नोंदी कोण तपासणार? एक्सेलमध्ये नुसती यादी टाईप करायची आहे असं कळलं, तर तुमची शंका रास्त आहे. ती नोकरी नाही घेतली तरी चालेल.