नेपाळी नागरिकाला भारतात नोकरीसाठी वर्क व्हिसा लागतो का? कायमचं राहता येतं का?

व्हिसा लागत नाही, वर्क परमिटही नाही. 1950 च्या भारत-नेपाळ करारातल्या कलम 7 मुळे राहणं, धंदा, मालमत्ता, फिरणं या सगळ्यांची परस्पर मोकळीक आहे. कोकणातल्या आंब्याच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी गडी याच आधारावर येतात. विमानाने येताना मात्र पासपोर्ट किंवा नागरिकता प्रमाणपत्र जवळ हवं. आणि चीनमधून किंवा पाकिस्तानातून भारतात शिरायचं असेल तर ही सवलत नाही, तिथे व्हिसा काढावाच लागतो.

'पीआर'चं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं म्हणाल तर नोकरदारांसाठी अमेरिकेच्या ग्रीन कार्डासारखं काही इथे नाही, आणि नेपाळ्यांना त्याची गरजही नाही. कितीही वर्षं राहा. खरी अडचण कागदांची: भाडेकरार, बँक, सिमकार्ड. म्हणून नागरिकता प्रमाणपत्राची मूळ प्रत गावाकडे ठेवून येऊ नका. 182 दिवस राहिल्यावर आधार काढता येतं, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.

सरकारी नोकरी? केंद्राच्या बऱ्याच पदांना अर्ज करता येतो, फक्त नेमणुकीआधी भारत सरकारचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. आयएएस, आयपीएस फक्त भारतीयांसाठी. नागरिकत्वच हवं असेल तर भारतीयाशी लग्न झालेल्यांना 7 वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, पण मग नेपाळचं सोडावं लागतं. नुसत्या नोकरीसाठी तो खटाटोप मी तरी करणार नाही.