पुसलेल्या नोंदी परत उगवल्या तर

अरे, कॅसॅन्ड्राचं (अनेक मशीनवर, म्हणजे नोडांवर, पसरलेल्या डेटाबेसचं) कनेक्शन तुटलं की लगेच रीस्टार्ट मारू नकोस. आधी नोडटूल स्टेटस (नोडांची हालत दाखवणारी कमांड) बघ, तेही दोन-तीन नोडांवरून. सगळे ‘यूएन’, म्हणजे चालू आणि ठीक, असतील तर ॲप ज्यावरून डेटाबेसशी बोलतं तो ९०४२ पोर्ट ॲपच्या मशीनवरून उघडा आहे का तपास. नोडांचं आपसातलं बोलणं ७००० वर चालतं, म्हणून एक पोर्ट चालू, दुसरा बंद असं होतं.

डेटाचं दुखणं जास्त खोल. इथे इंदूरला, विजयनगरच्या ऑफिसात, आमचा एक नोड १५ दिवस बंद होता. तसाच परत जोडला आणि रद्द केलेल्या ऑर्डरी पुन्हा यादीत! नोंद पुसली की कॅसॅन्ड्रा तिथे पुसल्याची खूण ठेवतो; ती जपण्याची डीफॉल्ट मुदत १० दिवस. ती उलटल्यावर रिपेअर (नोडांमधला डेटा एकमेकांशी जुळवणं) केलंस तर जुना डेटाच सगळीकडे पसरतो. असा नोड रिकामा करूनच आत घे. आणि घड्याळं जुळव रे बाबा, ज्याचा टाइमस्टॅम्प, म्हणजे लिहिल्याची वेळ, पुढचा त्याचंच लिखाण टिकतं.