सोसायटीतली मांजरं नसबंदीसाठी पकडताना

पिंजरा लावला, पण मांजर दाराशी येतं, वास घेतं आणि परत फिरतं. काय चुकतंय? (डोंबिवली)

बहुतेक वेळा घाई. आठवडाभर एकाच जागी, एकाच वेळी खायला घाला. मग दार तारेने उघडं बांधून पिंजरा तिथेच ठेवा आणि खाणं रोज थोडं आत सरकवा. पकडायच्या आदल्या दिवशी खाणं बंद, पाणी चालू. हे इमारतीत सगळ्यांना सांगा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दूधभात ठेवला की मुसळ केरात.

आमिष वासाचं हवं: भाजलेला बोंबील किंवा तळलेला बांगडा. तो पायपट्टीच्या (जिच्यावर पाय पडला की दार पडतं) पलीकडे, मागच्या जाळीला लागून ठेवा. दारापासून आत जवळ्याची चिमूट-चिमूट टाका, जास्त नको. जाळीवर पाय ठेवायला मांजरं बिचकतात, म्हणून तळाला वर्तमानपत्र अंथरा. पण कागदाची घडी पट्टीखाली गेली तर पट्टी दबत नाही आणि मांजर जेवून निघून जातं. काठीने पट्टी दाबून दार पडतंय का, ते आधी बघाच. पिंजरा किमान 75 सेंटिमीटर लांब हवा. आखूड असला तर दार शेपटीवर पडतं.

एकदा दार पडताना पाहिलेलं मांजर पुन्हा त्या पिंजऱ्यात शिरत नाही. त्याच्यासाठी जाळीची मोठी पेटी काठीवर तिरकी उभी करा, काठीला दोरी बांधा आणि ते आत खायला लागलं की लांबून ओढा. खाली पेटी घट्ट दाबून धरायला दुसरा माणूस हवा.

पकडलेलं मांजर जाळीवर डोकं आपटतं. (नाशिक)

लगेच पूर्ण पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधारात ते बहुतेकदा शांत होतं. चादर घेऊन जवळच थांबा, लावलेला पिंजरा सोडून जाऊ नका. हात आत घालू नका. चावलं तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टर गाठा. दात सुईसारखे असतात. जखम बारीक दिसली तरी खोल असते.

पिल्लांना पाजणारी मांजरी सापडली तर?

स्तन फुगलेले, भोवतीचे केस गेलेले दिसले तर पिल्लं कुठे आहेत ते आधी शोधा. ती लहान असतील आणि त्यांना सांभाळणारं कुणी नसेल तर तिला सोडा. पिल्लं आठ आठवड्यांची, स्वतः खाणारी झाली की पुन्हा लावा. फार लांबवू नका: पाजत असतानाही ती गाभण राहू शकते, आणि गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा.

ऑपरेशननंतर कधी सोडायचं? (मडगाव)

बोका पूर्ण शुद्धीवर आला, जेवला की साधारण 24 तासांनी. मांजरीला जास्त वेळ ठेवावं लागतं; किती, ते डॉक्टर टाका बघून सांगतील. टाके विरघळणारे घाला, असं आधीच सांगा, कारण टाके काढायला ती पुन्हा हाती लागणार नाही. गुंगीत असताना आत पाण्याची वाटी ठेवू नका; तोंड बुडतं. पिंजरा पंख्याखाली नको, उबदार जागी हवा. पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीसुद्धा जीव घेते. पिंजरा फिनाइलने पुसू नका, तेही मांजरांना विषारी. पकडलं तिथेच सोडा.

बोक्याची नसबंदी होऊनही मांजरी गाभण राहिली.

ऑपरेशननंतर काही आठवडे बोक्यात शुक्राणू उरतात. शिवाय बाहेरचा बोका असेलच. म्हणून आधी मांजऱ्या धरा. झालेल्यांच्या कानाचं टोक सरळ कापलेलं असतं. ते गुंगीतच काढतात. पिंजऱ्यात असं मांजर आलं तर लगेच सोडून द्या.