व्हेटर्नरी सोडून परत नीट देऊ का?

नीटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म सुटले की दरवर्षी हा प्रश्न माझ्याकडे कौन्सेलिंगला येतोच. एमबीबीएस थोडक्यात हुकलं, व्हेटर्नरीला नंबर लागला, आता मन लागत नाही, सोडून परत नीट देऊ का? त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पोरगा दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलला राहणारा. दिवसा कॉलेज, रात्री चोरून नीटचे एमसीक्यू, आणि दोन्हीकडे बोंब. आईच घेऊन आली होती. "मॅडम, याला गुरांची आवडच नाही हो, आम्हीच ढकललं याला." हा मान खाली घालून मोबाईल स्क्रोल करत बसलेला.

पहिल्या सेशनला मी माती खाल्ली. लेक्चर झोडलं, की बाबा साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, मग एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, एमव्हीएस्सी म्हणजे व्हेटर्नरीतली मास्टर्स डिग्री करून पॅथॉलॉजी नाहीतर मायक्रोबायोलॉजीत जाता येतं, लॅब आहेत, लसी बनवणाऱ्या कंपन्या आहेत... तो नुसता हो हो करत राहिला. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, गुगल काय माझ्या एकटीकडेच आहे का!

दुसऱ्या वेळी आईला बाहेर बसवलं आणि विचारलं, कॉलेजबद्दल शेवटचं खोटं कधी बोललास? तर मामाच्या पोरीच्या लग्नात. कुणीतरी काय करतोस विचारलं, हा म्हणाला मेडिकलला आहे. झालं, एका आजोबांनी हात पुढे केला, जरा बीपी बघ रे म्हणाले, आणि कुठूनतरी मशीनपण आलं. याने पट्टा बांधला, आकडा सांगितला आणि न जेवता निघून आला. सांगताना आधी हसला, मग डोळे पुसले.

म्हणलं ते जाऊ दे, या आठवड्यात प्रॅक्टिकलला काय केलंत? टेबलावर लाईटबिल पडलं होतं, ते उलटं करून त्याने तीन गोल काढले. या रक्तातल्या लाल पेशी. गावाकडे सगळ्यालाच गोचीड ताप म्हणतात, पण आतला जंतू वेगवेगळा असतो. पहिल्या गोलात नाशपतीच्या आकाराचे दोन, टोकाला टोक लावून, हा बबेशिया, यात लघवी कॉफीसारखी होते. दुसऱ्यात बारीकशी अंगठी, थायलेरिया, संकरित गायींना याचा त्रास जास्त, खांद्यापुढची गाठ सुजते. तिसऱ्यात पेशीच्या अगदी कडेला नुसता ठिपका, ॲनाप्लाझ्मा. तिघांवरची औषधं वेगळी. "कानाच्या शिरेतून एक थेंब घेऊन स्लाईड केली की कळतं मॅडम, पण लोक आधी इंजेक्शन ठोकतात आणि स्लाईड गाय आडवी झाल्यावर." मग थेंब मोठा झाला तर पेशी एकमेकींवर चढतात, स्लाईड कशी एका दमात ओढायची, रंग किती वेळ ठेवायचा, वीस मिनिटं चाललं. मोबाईल कधीच उलटा पडलेला.

आता याला नावड म्हणायचं का? मला नाही वाटत. खरंच नावड असली, गोठ्याचा वास सहन होत नाही, प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, तर मी स्वतः म्हणते सोड, फक्त आधी ऑफिसात जाऊन फीचं आणि कागदपत्रांचं काय ते विचारून घे, आणि घरी सांगून सोड, चोरून दोन्ही डगरींवर पाय नको. पण याला लाज होती, ती पण "म्हणजे ढोरांचा डॉक्टर का?" या एका वाक्याची. त्यासाठी दोन वर्षं टाकून द्यायची म्हणजे फारच महाग काम. मग सरावासाठी मी टोमणा मारणारे काका झाले, चहाचा कप हातात घेऊन तेच वाक्य त्याला सात-आठ वेळा ऐकवलं. पहिल्यांदा गप्प, मग चिडला, शेवटी म्हणाला, "हो, ढोरांचाच. तुमच्या म्हशीला काय झालंय?"

आईला मात्र त्यानेच सांगायचं ठरलं, मी नाही. नीटचा फॉर्म त्या वर्षी त्याने भरला नाही.

दिवाळीनंतर फोन आला. एक विषय राहिलाय, पुन्हा द्यायचाय. आणि भाऊबीजेला गावात तिघांनी हाताला धरून गोठ्यात नेलं म्हणे. "मी अजून दुसऱ्या वर्षाला आहे, मला औषध देता येत नाही, दवाखान्यातून डॉक्टर बोलवा, हे सांगून सांगून घसा बसला मॅडम."