७५ ओमच्या डीटीएच केबलमुळे जीएनएसएस अँटेनाचं पोझिशन हलतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात घराच्या गच्चीवर शेतमोजणीच्या आरटीके बेससाठी (फिरत्या रिसीव्हरला करेक्शन पाठवणारं स्थिर केंद्र) जीएनएसएसचा, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रह-प्रणालींचा, एल१/एल५ या दोन फ्रिक्वेन्सींवरचा अ‍ॅक्टिव्ह अँटेना बसवलाय. तिथून खाली रिसीव्हरपर्यंत डीटीएचची २५ मीटर आरजी-६ केबल आहे. अँटेना आणि रिसीव्हर ५० ओम इम्पीडन्सचे (सिग्नलला होणारा विरोध), केबल ७५ ची. पोझिशन दीड-दोन मीटर हलतं, कधी कधी उडी मारतं. ५० ओमची आरजी-५८ टाकली तर थांबेल का?

नाही थांबणार, उलट सिग्नल घालवून बसाल.

मिसमॅच आहे हे खरं, पण तो किती ते बघा. (७५ − ५०) ÷ (७५ + ५०) = ०.२. याचा वर्ग म्हणजे ४ टक्के पॉवर परत फिरते, म्हणजे एका जोडावर ०.१८ डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक). दोन्ही टोकांचे परतावे वाईटात वाईट जुळून आले तरी तोटा ०.७ डीबीच्या आसपास. आता केबल स्वतः किती खाते ते बघा. एल१ वर, १५७५.४२ मेगाहर्ट्झला, चांगली आरजी-६ मीटरमागे साधारण पाव डीबी खाते, म्हणजे २५ मीटरला ६-७. आरजी-५८ पाऊण डीबी किंवा जास्तच, म्हणजे १८-२०. अँटेनातल्या एलएनएचा (सिग्नल वाढवणारा भाग) गेन २८ डीबी धरला तर आरजी-६ नंतर २१ उरतो, आरजी-५८ नंतर ८-१०, आणि तेवढ्यावर रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज झाकला जात नाही. ०.७ वाचवायला १२ घालवायचे कशाला? आरजी-६ तर डीटीएचच्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठीच विकली जाते, एल१ आणि एल५ (११७६.४५) दोन्ही त्यातच बसतात. ५० ओमचीच हवी असेल तर एलएमआर-४०० सारखी जाड केबल घ्या. ५०-७५ चा मॅचिंग पॅड (दोन इम्पीडन्स जुळवणारा जोड) मात्र लावू नका. तो ५.७ डीबी खातो आणि अँटेनाला वर जाणारा डीसी सप्लायही बिघडवतो.

आता केबलमधल्या रिफ्लेक्शनबद्दल. २५ मीटर फोमवाल्या आरजी-६ मध्ये सिग्नलला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. रिसीव्हरकडून परतलेला भाग वर जाऊन पुन्हा खाली येतो तो २०० नॅनोसेकंद उशिरा, म्हणजे हवेतल्या ६० मीटरइतका मागे. आकडा ऐकून भीती वाटते, पण दोनदा परतल्यावर ०.२ × ०.२ आणि वर केबलच्या दोन जादा फेऱ्यांचा लॉस धरला तर मूळ सिग्नलच्या एक टक्काही उरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या उपग्रहांचे सिग्नल याच एका केबलमधून येतात. उशीर सगळ्यांना सारखाच, त्यामुळे तो रिसीव्हरच्या घड्याळाच्या चुकीत जमा होतो आणि अक्षांश-रेखांश जागेवर राहतात. ग्लोनास या रशियन प्रणालीच्या उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या असल्याने तिथे किंचित फरक पडतो, इतकंच. अचूक वेळेसाठी रिसीव्हर वापरत असाल तर गोष्ट वेगळी; तिथे केबल डिले १०० नॅनोसेकंद भरावाच लागतो.

मग हलतं कशानं? आधी हे लक्षात घ्या की करेक्शनशिवाय एकटा रिसीव्हर दीड-दोन मीटर हलतोच. बेसचा पॉइंट बराच वेळ डेटा घेऊन एकदा पक्का करायचा आणि रिसीव्हरमध्ये फिक्स भरायचा. उड्यांचं कारण शोधायला सलग दोन दिवस प्रत्येक उपग्रहाचा सी/एन-झिरो (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे तो आकडा) लॉग करा. वरच्या उपग्रहांना ४० ते ५० डीबी-हर्ट्झ दिसायला हवेत.

जीपीएसच्या त्याच उपग्रहांवर तीच उडी दुसऱ्या दिवशी साधारण ४ मिनिटं आधी आली, तर ते गच्चीवरचं मल्टिपाथ. उपग्रह रोज तेवढ्या फरकाने त्याच जागी येतात आणि त्याच पत्र्यावरून, सोलर हीटरवरून सिग्नल परततो. अँटेना कठड्याच्या आणि पाण्याच्या टाकीच्या वर काढा, खाली धातूची सपाट प्लेट द्या. उड्या फक्त सूर्यास्तानंतर ते मध्यरात्रीपर्यंत, तेही मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येत असतील तर आयनोस्फिअरचा (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) संशय घ्या. सोलापूर चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे इथे हा त्रास होतो. केबल बदलून तो जात नाही. मोजणी सकाळी करा.

आणि सगळ्या उपग्रहांचा आकडा एकदम पडत असेल, विशेषतः पावसानंतर, तरच केबल आणि जोड तपासा. वरचा एफ-कनेक्टर काढून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवर पांढरी भुकटी किंवा मधल्या तारेवर काळपटपणा दिसला तर पाणी शिरलंय. तेवढा तुकडा कापून नवीन कनेक्टर लावा.

इम्पीडन्स खरोखर नडतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे एलएनएच्या आधी. सिरॅमिक पॅच (अँटेनातला सिग्नल पकडणारा तुकडा) डब्याच्या झाकणाला चिकटला की त्याची ट्यूनिंग सरकते, आणि तिथे गेलेला प्रत्येक डीबी पुढचा कुठलाच अ‍ॅम्प्लिफायर परत आणत नाही. दुसरं म्हणजे साधा टी-कनेक्टर लावून दोन रिसीव्हर जोडणं. टी-वर ५० ओमची दोन टोकं समांतर येऊन २५ ओम होतात. एक टोक मोकळं सोडलंत तर आणखी वाईट: साध्या पॉलिथिनच्या केबलमध्ये एल१ चा पाव वेव्हलेंग्थ फक्त ३.१ सेंटीमीटर असतो, आणि तेवढा मोकळा तुकडा टी-वर एल१ ला जवळजवळ शॉर्ट करतो. वर दोन्ही रिसीव्हर अँटेनाला डीसी देत असतील तर ते एकमेकांवर येतात. जीएनएसएसचाच स्प्लिटर घ्या, ज्यात एकाच पोर्टला डीसी पास असतो.

अडॅप्टर घेताना एसएमए (आट्यांचा छोटा कनेक्टर) आणि वायफायवाला आरपी-एसएमए यात गल्लत होते. आटे बसतात, पण मधली पिन टेकत नाही. वरच्या टोकाला मल्टीमीटरने ३.३ किंवा ५ व्होल्ट, जे रिसीव्हर देतो ते, येतात का बघा. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा आणि त्यावर यूव्ही टिकणारी टेप. साध्या इलेक्ट्रिकल टेपचा गोंद आपल्याकडच्या मे महिन्यात पातळ होऊन सुटतो. केबल खाली येण्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता तिथूनच गळेल.