आजीच्या मेथ्यांचं पाणी

प्रिय चिनू,

सहलीला निघताना दारातच विचारलंस, "आई, आजीला शुगरची गोळी आहे ना, मग रोज सकाळी ती मेथ्यांचं कडू पाणी का पिते? कडूने साखर जाते का?" बस आली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून हे पत्र तुझ्या उशीवर ठेवतेय.

कडूने साखर जात नाही, बाळा. आपल्याकडे मात्र हा समज फार घट्ट आहे. मी तुझ्याएवढी होते तेव्हा आजीच्या माहेरी कुंपणावर बेडकीच्या पाल्याचा वेल होता. त्यालाच गुडमार म्हणतात. आजीने मला एक पान चावायला लावलं आणि मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. अगदी वाळू खाल्ल्यासारखं वाटलं! त्या पानातलं द्रव्य जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या जागाच काही वेळ अडवून धरतं. पण साखर? ती तर पोटात गेलीच होती.

मेथीचं वेगळं आहे. उद्या सकाळी आजीच्या वाटीत बोट घालून बघ, पाणी बुळबुळीत लागेल. तोच बुळबुळीतपणा कामाचा. तो पाण्यात विरघळणारा तंतू असतो. पोटात गेला की जेवण दाटसर होतं आणि त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून तर मी आजीच्या मागे लागते, की नुसतं पाणी पिऊन मेथ्या टाकू नकोस, चावून खा. पण मेथी आधाराला आहे, गोळीच्या जागी नाही.

आता गोळीची गंमत ऐक. जुलैत कालव्याकाठी फिरताना तू फिकट जांभळ्या फुलांचं एक झुडूप दाखवलं होतंस, आठवतं? वाटाण्यासारखी फुलं होती त्याला. त्याला इंग्रजीत गोट्स रू म्हणतात. त्यातलं गॅलेजिन नावाचं द्रव्य रक्तातली साखर उतरवतं, पण ते विषारी असतं. हा पाला खाऊन मेंढ्यासुद्धा मेल्या आहेत. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच जातकुळीतली, माणसाला सोसतील अशी द्रव्यं शोधली. त्यातलंच एक मेटफॉर्मिन. झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी 1957 मध्ये रुग्णांवरचा त्याचा गुण जगापुढे मांडला. आजीच्या डबीतली पांढरी गोळी तीच. म्हणून झाडपाल्याला कधी हसू नकोस. फक्त पाल्यात किती द्रव्य आहे ते पानागणिक बदलतं, आणि गोळीत ते मोजून घातलेलं असतं.

हे मोजमाप किती महत्त्वाचं आहे, ते मी मागच्या वर्षी पुण्यात डोळ्यांनी पाहिलं. कुणीतरी सांगितलं म्हणून आजीने उपाशीपोटी पेलाभर कारल्याचा रस घेतला. तेव्हा तिला साखर झपाट्याने उतरवणारी आणखी एक गोळी चालू होती. तीही घेतली, आणि नाश्ता लांबला. दहाच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मला ती तुझ्या मावशीच्या नावाने हाका मारत होती. साखर मोजायच्या मशीनवर आकडा आला 58, म्हणजे साखर फारच उतरली होती. मामाने साखरपाणी पाजलं तेव्हा पाचदहा मिनिटांनी तिची नजर जागेवर आली. तेव्हापासून काहीही नवीन घ्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारायचं, असं तिने मला वचन दिलंय. गुळवेलीचंसुद्धा. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं.

आणि संध्याकाळचा गवती चहा? तो आजीला वासासाठी आवडतो. त्यात साखर नसते, हाच त्याचा गुण.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. तुझ्या वर्गातली ती मैत्रीण, जिच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे, तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तिला इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं, आणि कुठलाही काढा, कुठलंही चूर्ण त्याची जागा घेऊ शकत नाही. कुणी तिला असलं काही सुचवलं तर तू तिथल्या तिथे बोल.

आज रात्री मेथ्या तू भिजत घाल. एक चमचा, सपाट. वाटी ओट्यावर काढून ठेवली आहे.

तुझी,
आई