वाचकांचे प्रश्न : गद्दाफीविरुद्धचं युद्ध नेमकं कशासाठी झालं?

मागच्या अंकात २०११ सालच्या लिबियातल्या युद्धावर लेख होता. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्याविरुद्ध बंड झालं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांची लष्करी युती ‘नाटो’ यांनी तिथे हवाई हल्ले केले. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच : ते युद्ध लोकांना वाचवण्यासाठी होतं, की गद्दाफीला घालवण्यासाठी? त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

ठरावात ‘उड्डाणबंदी’ होती, मग शहरांवर बाँब का पडले? (एक वाचक, सांगली)

उड्डाणबंदी, म्हणजे त्या देशाच्या आकाशात विमानं उडू न देणं, नुसती जाहीर करून लागू होत नाही. आकाशात पहारा ठेवायचा, तर खालून क्षेपणास्त्र सुटणार नाही याची आधी खात्री हवी. लिबियाकडे सोव्हिएत बनावटीची, लांब पल्ल्याची एस-२०० विमानवेधी क्षेपणास्त्रं होती. म्हणून पहिला घाव रडार, क्षेपणास्त्रांचे तळ आणि दळणवळण केंद्रांवर बसतो. १९ मार्च २०११च्या रात्री अमेरिका आणि ब्रिटनने ११०हून अधिक टॉमाहॉक क्षेपणास्त्रं सोडली, ती याच कामासाठी. त्यानंतर चोवीस तासांची गस्त सुरू होते. लढाऊ विमानांची एक जोडी आकाशात असते तेव्हा दुसरी वाटेत, तिसरी परतीवर आणि चौथी दुरुस्तीत असते. शिवाय हवेत इंधन भरणारी टँकर विमानं आणि उडती रडार लागतात. ही सामग्री पुरेशा प्रमाणात फक्त अमेरिकेकडे होती, त्यामुळे ‘युद्ध युरोपचं’ असं म्हटलं तरी त्याचा कणा अमेरिकी राहिला.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ठरावाच्या मजकुरात आहे. सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक १९७३मध्ये उड्डाणबंदी परिच्छेद ६ ते ८मध्ये येते. त्याआधीचा परिच्छेद ४ नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजायची मुभा देतो. परकी फौजेने कोणत्याही स्वरूपात भूमी ताब्यात घेऊ नये, एवढीच तिथली मर्यादा. राजनैतिक भाषेत ‘सर्व आवश्यक उपाय’ म्हणजे बळाचा वापर. वर्तमानपत्रांत चर्चा उड्डाणबंदीची झाली, दार उघडलं ते या तीन शब्दांनी.

गद्दाफीची ताकद विमानांपेक्षा रणगाडे आणि तोफांत होती. म्हणूनच फ्रेंच विमानांनी पहिल्याच दिवशी, टॉमाहॉक सुटायच्याही आधी, बंडखोरांच्या ताब्यातल्या बेंगाझी शहराजवळ लष्करी वाहनं फोडली. रणगाडे उघड्यावर टिकत नाहीत हे कळल्यावर गद्दाफीचे सैनिक बंडखोरांसारख्याच पिकअप गाड्या वापरू लागले. वरून शत्रू-मित्र ओळखू येईना. एप्रिलमध्ये ब्रेगाजवळ नाटोच्या विमानांनी बंडखोरांचेच रणगाडे उडवले. समोर लक्ष्यं मिळेनाशी झाली की मोहीम मागे सरकते : आधी दारूगोळ्याची कोठारं, मग रसदीचे मार्ग, मग आदेश देणारी केंद्रं. आदेश देणारं केंद्र म्हणजे अखेर राज्यकर्ता स्वतः. रक्षणाची मोहीम सत्तांतराची होते ती अशी पायरीपायरीने, आणि प्रत्येक पायरी त्या-त्या वेळी योग्यच वाटते.

हे सगळं तेलासाठीच होतं, हे उघड नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

इतकं सरळ नाही. युद्धाआधी लिबिया रोज सुमारे १६ लाख पिंपं तेल काढत होता आणि आफ्रिकेतला सर्वांत मोठा ज्ञात साठा त्याच्याकडे होता, हे खरं. पण इटलीची एनी, फ्रान्सची टोटाल, स्पेनची रेप्सोल या कंपन्या तिथे आधीपासून काम करत होत्या. डिसेंबर २००३मध्ये गद्दाफीने अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडल्यावर पाश्चात्त्य नेते त्याला भेटायला रांगेने गेले होते. नुसतं तेल हवं असतं, तर त्याला हात न लावणं सर्वांत स्वस्त पडलं असतं.

फ्रान्सचं राजकारण जास्त बोलकं आहे. जानेवारी २०११मध्ये ट्युनिशियात जनता रस्त्यावर असताना फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिथल्या राजवटीला पोलिसी कौशल्य देऊ केलं. त्यावरून नाचक्की झाली आणि फेब्रुवारीअखेर त्यांना पद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांना निवडणूक लढवायची होती. १० मार्चला बंडखोरांच्या परिषदेला सर्वांत आधी मान्यता दिली ती फ्रान्सने. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने सप्टेंबर २०१६च्या अहवालात एका अमेरिकी ई-मेलमधल्या गोष्टी नोंदवल्या आहेत. त्यात सार्कोझींचे हेतू म्हणून तेलातला वाटा, उत्तर आफ्रिकेतला प्रभाव, देशांतर्गत प्रतिमा आणि फ्रेंच लष्कराचं स्थान यांचा उल्लेख आहे. हा पुरावा ऐकीव माहितीचा आहे, तेवढंच वजन त्याला द्यावं. गद्दाफीच्या पैशावर २००७ची निवडणूक लढवल्याच्या प्रकरणात पॅरिसच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये सार्कोझींना गुन्हेगारी कटाबद्दल पाच वर्षांची शिक्षा सुनावली, भ्रष्टाचाराच्या आरोपातून मुक्त केलं. त्यांनी आरोप नाकारले आणि अपील केलं. म्हणून ‘साक्षीदार मिटवण्यासाठी युद्ध केलं’ असं कोणी ठामपणे सांगत असेल, तर ते सिद्ध झालेलं नाही, हे लक्षात ठेवा.

आमच्या मते हेतूंचा सर्वांत स्पष्ट पुरावा बहारीनमध्ये आहे. १२ मार्चला अरब देशांच्या संघटनेने, अरब लीगने, लिबियावर उड्डाणबंदी मागितली. दोनच दिवसांनी, १४ मार्चला, सौदी अरेबिया आणि अमिरातीचं बळ बहारीनमध्ये उतरलं, तिथल्या राजाविरुद्धचं आंदोलन मोडायला मदत म्हणून. अमेरिकेचं पाचवं आरमार बहारीनमध्येच असतं. तिथल्या नागरिकांच्या रक्षणासाठी कोणताही ठराव आला नाही. गद्दाफीला अरब राज्यकर्त्यांत मित्र उरला नव्हता, हे त्याच्या वाट्याला आलेल्या युद्धाचं मोठं कारण आहे.

व्हॉट्सॲपवर येतं की गद्दाफीच्या काळात वीज, घर, शिक्षण सगळं फुकट होतं आणि म्हणूनच त्याला मारलं. (एक वाचक, लातूर)

तेलाच्या पैशातून शिक्षण आणि आरोग्यसेवा मिळत होती, राहणीमान आफ्रिकेत वरचं होतं. पण त्या संदेशात अबू सलीम तुरुंग नसतो. १९९६मध्ये तिथे सुमारे १,२०० कैदी मारले गेले आणि कुटुंबांना वर्षानुवर्षं पत्ताही लागला नाही. फेब्रुवारी २०११मध्ये बेंगाझीत लोक रस्त्यावर आले ते याच कुटुंबांच्या वकिलाला अटक झाल्यावर. हस्तक्षेपावर टीका करण्यासाठी हुकूमशहाला संत करायची गरज नाही.

भारत तटस्थ का राहिला? ही पळवाट नव्हती का? (एक वाचक, फोंडा)

आधी क्रम पाहू. २६ फेब्रुवारीचा ठराव क्रमांक १९७० एकमताने मंजूर झाला आणि भारताने बाजूने मत दिलं. त्यात शस्त्रबंदी, मालमत्ता गोठवणं आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठवणं होतं. १७ मार्चच्या ठराव क्रमांक १९७३वर १० मतं बाजूने पडली. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. ठराव मंजूर व्हायला १५पैकी ९ मतं पुरतात आणि स्थायी सदस्याची तटस्थता नकाराधिकार ठरत नाही. म्हणजे रशिया किंवा चीनने हात वर करून ‘नाही’ म्हटलं असतं, तर ठराव तिथेच पडला असता.

भारताचं म्हणणं होतं : प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती कमी आहे, आणि कारवाईत कोण, कोणत्या साधनांनी, कशी भाग घेणार हे स्पष्ट नाही. तिन्ही शंका पुढे खऱ्या ठरल्या. लिबियात तेव्हा सुमारे १८,००० भारतीय होते. त्यांना आणायला विमानांच्या जोडीला मुंबईहून ‘आयएनएस म्हैसूर’ आणि ‘आयएनएस जलाश्व’ निघाल्या होत्या, आणि बहुतेक जण मतदानाआधीच परतले होते. तरीही तटस्थतेने कोणाचा जीव वाचला नाही, हे मान्य करायला हवं. मुदत, अहवाल, मोहीम कधी थांबणार याची अट हे सगळं मसुद्यात घालण्यासाठी भारताने शेवटपर्यंत भांडायला हवं होतं.

उद्देश बदलला हे कशावरून म्हणता? आणि मग हुकूमशहाला कधी हटवूच नये का? (एक वाचक, पुणे)

पहिल्या भागाला तारखा उत्तर देतात. १० एप्रिलला दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेकब झुमा यांच्या नेतृत्वाखालचं आफ्रिकी संघाचं शिष्टमंडळ युद्धबंदीची योजना घेऊन त्रिपोलीत गेलं. गद्दाफीने ती स्वीकारली, त्याच्या जाण्याची अट त्यात नाही म्हणून बंडखोरांनी नाकारली. बंडखोरांवर दबाव आणू शकणाऱ्या देशांनी तो आणला नाही. त्याच आठवड्यात अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा, ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरन आणि सार्कोझी यांनी संयुक्त लेखात लिहिलं की गद्दाफी सत्तेत असताना लिबियाच्या भवितव्याची कल्पनाच करता येत नाही. ठरावात मात्र सत्तांतराचा शब्द नाही. ऑगस्टमध्ये त्रिपोली पडलं, तरी मोहीम ३१ ऑक्टोबरपर्यंत चालली. २० ऑक्टोबरला सिर्तमधून निसटणाऱ्या गद्दाफीच्या ताफ्यावर नाटोने हल्ला केला आणि तो बंडखोरांच्या हाती सापडून मारला गेला.

दुसरा भाग जास्त कठीण आहे, आणि ‘कधीच नाही’ हे उत्तर आम्हाला पटत नाही. १९७९मध्ये टांझानियाच्या सैन्याने युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनला हटवलं. त्याच वर्षी जानेवारीत व्हिएतनामने कंबोडियातली ख्मेर रूजची राजवट उलथवली. अमीनने आधी टांझानियाचा कागेरा प्रदेश बळकावला होता, ख्मेर रूज व्हिएतनामच्या सीमेवर हल्ले करत होते. दोन्ही शेजाऱ्यांचे हेतू स्वार्थापासून मुक्त नव्हते, तरी कंबोडियातला नरसंहार थांबला तो त्या सैन्यामुळेच. फरक जबाबदारीत होता. व्हिएतनामचं सैन्य १९८९पर्यंत तिथे अडकून पडलं, बहिष्कार सोसला. युगांडातून टांझानियाचं सैन्य लवकर निघालं, पण तिथे १९८६पर्यंत रक्तपात चालू राहिला.

लिबियात जमिनीवर जबाबदार सैन्यच नव्हतं. शस्त्रकोठारांवर पहारा नव्हता, तिथला साठा वाळवंट ओलांडून माली देशात गेला आणि २०१२मध्ये तिथे बंड पेटलं. त्रिपोलीतल्या नव्या सरकारने बंडखोर टोळ्यांना पगार सुरू केले. पगार मिळतो म्हणताच, गद्दाफीशी कधी न लढलेलेही ‘क्रांतिकारक’ म्हणून नाव नोंदवू लागले आणि टोळ्या विरघळण्याऐवजी फुगल्या. २०१४मध्ये देश दुभंगला. डिसेंबर २०२१ला ठरलेली अध्यक्षीय निवडणूक झालीच नाही, आणि त्यानंतरही त्रिपोलीत एक आणि पूर्वेला दुसरं अशी दोन सरकारं समोरासमोर उभी राहिली.